डाव्या विंगेतला आवाज

आमच्या गावात देवीच्या जत्रेला नाटक होतं. पालखी देवळात परत आली की शाळेच्या पटांगणात पडदा वर जातो. गाव पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. पुरुषांची कामं गावातले पुरुष करतात आणि बाईचं काम करायला बाई बाहेरून आणतात, मुंबईहून नाहीतर पनवेलहून, एजंटाला फोन करून. गावच्या सुनेने तोंडाला रंग लावून उभं राहायचं नाही, असा नियम कुणी केला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी नाही म्हटलं नव्हतं, इतकंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा बी.ए. झालेली होते आणि त्या डिग्रीनेच माझा घात केला. शिकलेली सून घरात आली म्हटल्यावर पहिल्याच जत्रेला माझ्या हातात नाटकाचं बाड आलं. मी प्रॉम्प्टर झाले. डाव्या विंगेत, कापडाच्या आड, एका लोखंडी खुर्चीवर माझी जागा. तालमींना भाड्याची बाई नसायची, ती नाटकाच्या दिवशीच उगवायची, म्हणून तालमीत तिचं कामही मीच वाचायची. राण्या वाचल्या, विधवा वाचल्या, डाकूच्या प्रेमात पडलेली जमीनदाराची मुलगी वाचली. जत्रेच्या दिवशी ती बाई यायची, भरजरी नेसून उजेडात उभी राहायची आणि मी आतून देईन ते बोलायची.

पण खरी नोकरी तिच्यासाठी नव्हती. ती आमच्या ह्यांच्यासाठी होती.

आमचे हे गावचे पहिल्या नंबरचे नट. टेम्पो चालवतात, पोलादपूर ते महाडचा बाजार. इंजिनाच्या वर बोलायची सवय असल्याने आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची झोप मोडेल. दिसायला उंच, नाक सरळ, चालण्यात रुबाब. सगळं देवाने दिलं, पाठांतर तेवढं दिलं नाही. वाक्य म्हणून डोक्यात राहत नसे. लोकांना मात्र हे सांगायचे, "मी घाटात गाडी चालवता चालवता पाठ करतो." घाटात ते फक्त हॉर्न वाजवायचे, हे मला ठाऊक होतं, कारण कितीदा मी शेजारी बसलेली असायची.

वाक्य आठवेनासं झालं की हे डावीकडे झुकायचे, कपाळाला हात लावायचे आणि डोळे मिटायचे. मी आतून पहिले दोन शब्द द्यायची. दोनच. मग पुढचं वाक्य असं सुटायचं की लोकांच्या अंगावर काटा. गावाला वाटायचं, काय विचारात बुडालाय माणूस! त्या डावीकडे झुकण्याचं इतकं कौतुक झालं, की शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं राजा झाली तरी डावीकडे झुकायला लागली, प्रधान झाली तरी डावीकडे. मी आत बसून हसायची. आणि खोटं कशाला बोलू, आतल्या आत जळायचीही.

मला एकदा उजेडात उभं राहायचं होतं. एकदाच, पण पूर्ण नाटकभर. हे कुणाला बोलून दाखवलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग ह्यांना शब्द कोण देणार? मी पुढे गेले की हे पडणार, सगळ्या गावासमोर, ज्या गावात ह्यांना पानाच्या टपरीपासून देवळाच्या पायरीपर्यंत लोक 'या नटसम्राट' म्हणून हाक मारतात. तो माणूस त्या हाकेवर जगतो. ती हिरावून घेऊन मला कुठलं काम करायचं नव्हतं.

महाडच्या कॉलेजात आम्हाला एक जुनं अमेरिकन नाटक होतं. परीक्षेत त्यावर हमखास येणारा प्रश्न होता: या नाटकातील भ्रम आणि वास्तव यांचा संघर्ष स्पष्ट करा. मी गाईडमधलं उत्तर घोकून लिहिलं, चांगले मार्क पडले, आणि कळलं काही नाही. पण गोष्ट मात्र डोक्यात बसून राहिली. एका लहान गावात एक माणूस होऊ घातलेल्या स्टेशनजवळ खाणावळ आणि खोल्या बांधतो, कारण रेल्वे तिथूनच जाणार अशी त्याची खात्री. रेल्वे दुसरीकडून जाते. हा रोज गाद्या झटकतो, दिवा लावतो, पाहुण्यांची वाट पाहतो. आणि त्याची बायको, सगळं माहीत असून, पाहुणे येणार असल्याच्या खोट्या तारा त्याला पाठवत राहते, कारण त्या तारा आल्या की तो जेवतो.

आमच्याकडे हायवे चौपदरी झाला, काही गावांना रस्ता मिळाला, काहींचा गेला. जुन्या रस्त्याच्या कडेला पाट्या उतरलेली हॉटेलं मी टेम्पोतून बघायची आणि मला ते नाटक आठवायचं. एका मे महिन्यात बसले आणि मराठीत लिहून काढलं. अमेरिकेतलं स्टेशन काढलं आणि तिथे हायवे घातला. तारांच्या जागी फोन आले. बायको शेजाऱ्याच्या घरी जाऊन आवाज बदलून नवऱ्याला फोन करते, "दोन खोल्या ठेवा, रात्री येतोय." बाकी फारसं बदलावं लागलं नाही.

नाटक मंडळात वाचलं तेव्हा तलवार नाही म्हणून दोघं-तिघं नाराज झाले. पण ह्यांना म्हाताऱ्याचं काम फार आवडलं. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत स्टेजवरच! ह्यांनी छाती फुगवली आणि विषय मिटला.

देवळाच्या सभामंडपात तालमी सुरू झाल्या. म्हातारीचं काम अर्थात मी वाचत होते. एकदा तालीम संपल्यावर हे पाणी पिता पिता म्हणाले, "हा म्हातारा यडाच हाय. सगळं बायको चालवते आन ह्याला वाटतं आपण चालवतो. माणसाला येवढं कळू नाय?"

मी बाडात तोंड घातलं.

शेवटचा प्रवेश हा या नाटकाचा जीव. शेजारी फोनचं गुपित फोडतो. बायको आता फोन करणार नाही. म्हातारा तिच्याकडे बघतो आणि त्याने एकट्याने बोलायचं असतं: "इथं कुणी येणार नाही. कधीच येणार नव्हतं. मला माहीत होतं." मूळ नाटकात तिथे कंसात एक सूचना होती, ती मी तशीच ठेवली होती. (बायको त्याला मदत करत नाही.)

जत्रा आली. दुपारी पोलादपूरच्या स्टँडवरून रिक्षाने बाई आली. तिशी ओलांडलेली, देखणी, हसरी. बॅग उघडली तर आत लाल शालू, कंबरपट्टा, घुंगरू. एजंटाला आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीने सवयीने 'एक हिरॉईन' सांगितलं होतं. दरवर्षी तेच सांगायचे, यंदाही तेच सांगितलं. म्हातारी हवीय हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शाळेच्या पाचवीच्या वर्गात, मेकअपच्या आरशासमोर, मी तिला पांढऱ्या केसांचा टोप दाखवला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि परत ठेवला.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "मी म्हातारी नाय करणार. आज हा टोप घातला, कुणी मोबाईलवर शूटिंग केलं, की उद्यापासून एजंट मला आईच देणार. मला अजून थोडी वर्षं हिरॉईन राहायचंय. घर त्याच्यावर चालतं."

सेक्रेटरी तिच्यावर तापला. मला तिचं म्हणणं एका झटक्यात पटलं. तिचंही एक नाटक होतं आणि ते तिला रोज उभं करावं लागत होतं.

"मग काम करणार कोण?" सेक्रेटरी ओरडला.

"ह्याच करतील की," ती सरळ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "रिक्षातून उतरल्यापासून बघते, ह्यांना सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत. मी नांदीला एक नाच करते, पब्लिकला फसवल्यासारखं नको. बाकी ह्या करतील."

आमच्या ह्यांचा अर्धा चेहरा रंगवून झाला होता, अर्धा राहिला होता. ते सेक्रेटरीकडे बघेनात, बाईकडे बघेनात. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आन डावीकडं कोण?"

ती बाई हुशार. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं बाड काढून घेतलं. "डावीकडे मी," म्हणाली.

मी टोप चढवला. भीती वाटत होती का? वाटत होती. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, लहानपणी मामाच्या गावी निघताना वाटायचं तसं.

तिच्या नाचाला शिट्ट्या पडल्या, मग पडदा पुन्हा उघडला आणि मी उजेडात आले. समोरचं काही दिसत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त पहिली रांग दिसत होती. मधोमध आमची काकी, ह्यांची चुलती, गुडघ्यावर शाल, दरवर्षीची जागा. काकीने मला ओळखलं आणि शेजारणीला कोपर मारलं. सगळ्या पटांगणात कुजबुज गेली. मी पहिलं वाक्य बोलले. माझा आवाज भोंग्यातून बाहेर पडून नदीपलीकडच्या डोंगराला लागून परत आला. इतकी वर्षं मी कुजबुजत होते, मला माझा खरा आवाजच माहीत नव्हता. फार आवडला मला तो.

ह्यांचं पाचव्या-सहाव्या वाक्यालाच अडलं. हे डावीकडे झुकले, कपाळाला हात, डोळे मिटले. आतून बाईने शब्द दिले, पण मुंबईच्या वेगाने, सबंध वाक्य एका दमात. ह्यांना दोन शब्दांची सवय. सबंध वाक्य कानावरून निघून गेलं. हे तसेच झुकलेले राहिले.

मी हातातली चादर झटकली आणि म्हटलं, "आता तुम्ही म्हणाल, पाहुण्यांना गरम पाणी..."

"पाहुण्यांना गरम पाणी लागतं!" हे कडाडले. "सव गावच्या झऱ्यासारखं गरम!" आणि गाडी सुटली.

मग मला युक्ती सापडली. म्हातारीला म्हाताऱ्याची सगळी बोलणी पाठ असणारच की! अडलं की मी म्हणायची, "सांगा, सांगा, मुंबईच्या पार्टीचं सांगा." नाहीतर, "परत तेच? काय तर म्हणे, बोर्ड नवा करू." हे माझ्या वाक्याचं शेपूट पकडून पुढे धावायचे. लोक हसत होते, बायका तर जास्तच, कारण त्यांच्या घरात वेगळं काय चालतं? नाटक तालमीपेक्षा वर चाललं होतं. मी शब्द देत होते आणि आज पहिल्यांदा ते देताना लोक मला बघत होते.

दुसऱ्या अंकात बक्षीस आलं. आमच्याकडे ही रीतच आहे, काम आवडलं की माणूस चालू प्रवेशात स्टेजवर येतो, नारळ आणि टॉवेल देतो, माईकवर नाव पुकारलं जातं आणि मरायला टेकलेलं पात्रसुद्धा उठून नमस्कार करतं. ह्यांना पहिलं बक्षीस नेहमी महाडच्या भाताच्या व्यापाऱ्याचं, ज्यांचा माल हे वाहतात. सगळे त्यांना शेठ म्हणतात. जत्रेचं नाटक त्यांनी कधी चुकवलं नाही. शेठ टॉवेल-नारळ घेऊन पायऱ्या चढले. बक्षिसानंतर ह्यांना आपण कुठे होतो ते कधीच आठवत नाही.

म्हणून मी ओरडले, "अहो, आलं बघा! आलं गिऱ्हाईक!"

पटांगण फुटलं. शेठ दोन क्षण गडबडले, मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि अगदी प्रवाशासारखे म्हणाले, "काय मालक, खोली हाय का रात्रीपुरती?"

आता ह्यांनी हो म्हटलं की नाटक संपलं, कारण या नाटकात पाहुणा येतच नाही. आतल्या बाईच्या बाडात याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. हे ताठ उभे राहिले, डावीकडे झुकलेच नाहीत, रिकाम्या हॉटेलावरून एक नजर फिरवली आणि रुबाबात म्हणाले, "नाय शेठ. आज फुल्ल हाय."

ती टाळी मी कधी विसरणार नाही. शेठ टॉवेल-नारळासकट हसत खाली उतरले. आणि मी चादरीची घडी घालता घालता एकच विचार करत होते, हे वाक्य ह्यांना कुणी दिलं? कुणीच नाही. ह्यांचं ह्यांनी आणलं.

शेवटचा प्रवेश आला. शेजाऱ्याने गुपित फोडलं आणि तो निघून गेला. स्टेजवर आम्ही दोघं. ह्यांनी आता बोलायचं होतं, मी गप्प राहायचं होतं.

हे डावीकडे झुकले. बाईने शब्द दिले, मला ऐकू आले. ह्यांना आले की नाही कोण जाणे. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. नाटकातल्या म्हाताऱ्याने म्हातारीकडे पाहिलं, असं मी म्हणू शकत नाही. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. शब्द दे, म्हणून.

माझ्या जिभेवर ते दोन शब्द होते. 'इथं कुणी.' तेवढं बोलले असते तर हे सुटले असते. सगळ्या संसारात मी त्यांना कधी पडू दिलं नव्हतं. आणि मला वाटलं, आता दिला शब्द तर मी उजेडातसुद्धा विंगेतच बसलेली आहे. मी मान खाली घातली आणि चादरीची घडी घालत राहिले. 

मग ह्यांचा आवाज आला, पण तो नटाचा नव्हता. घरात बोलतात तो होता.

"माला कायच येत नाय," हे म्हणाले. "मी काय चालवत नाय. सगळं ही सांगते, मी नुसता बोलतो. कधीपासून असंच हाय."

हे बाडात नव्हतं. हे आमचं होतं, आमच्या घरातलं, आणि ते भोंग्यातून सगळ्या गावावर गेलं.

पहिल्या रांगेतून काकी ओरडली, "ठाव हाय रे आमाला! पुढं बोल!"

मग सगळं पटांगण हसलं. पण ते टिंगलीचं हसणं नव्हतं. घरचा माणूस उशिरा घरी आला की दार उघडताना हसतात, ते होतं. हे काकीकडे बघत राहिले, मग स्वतःच हसले, बाहीने डोळे पुसले, अर्धा रंग बाहीला आला. आणि सरळ उभे राहून, कुणाकडेही न झुकता, ह्यांनी सबंध वाक्य घेतलं.

"इथं कुणी येणार नाही. कधीच येणार नव्हतं. मला माहीत होतं."

एक अक्षर चुकलं नाही. मी उठले, बाडात होतं तसं, आणि हॉटेलच्या पाटीवरचा दिवा बंद केला. पडदा पडला तरी लोक उठले नाहीत. पडदा पुन्हा वर घ्यावा लागला, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

शेठ टॉवेल-नारळ घेऊन परत आले आणि दोघांच्या मध्ये घोटाळत उभे राहिले. हे म्हणाले, "तिला द्या, शेठ. हिशेब जुना हाय." माईकवर माझं नाव पुकारताना सेक्रेटरी अडखळला, कारण गावात मला माझ्या नावाने कुणी हाक मारतच नाही. त्याने ते विचारून घेतलं आणि मोठ्याने पुकारलं.

टोप काढत होते तर काकी वर्गात आली. मी तिला विचारलं, "काकी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"अगो, पुढं बसलं की सगळं ऐकाय येतं," काकी म्हणाली. "आधी तुजा आवाज, मागनं त्याचा. नाटक दोनदा ऐकाय मिळतं, म्हनून तर मी पुढची जागा सोडत नाय."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"कशाला बोलायचं? बरं वाटायचं ऐकाय."

मी आरशासमोर बसून राहिले. एवढी वर्षं ह्यांची अब्रू आपण कापडाआड झाकून ठेवलीय, असं मी समजत होते. पुढच्या तीन रांगांना सगळं ठाऊक होतं. गाईडमधलं ते उत्तर आता मला लिहायला दिलं असतं तर मी पुरवण्या मागितल्या असत्या. भ्रमात हे नव्हते, मीच होते, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी त्या बाईच्या गळ्यात पडले. तिच्या लाल शालूला माझा पांढरा रंग लागला.

पुढच्या जत्रेला एजंटाला फोन गेला नाही. जाहिरातीच्या कागदावर माझं नाव आलं आणि माझ्यासोबत काम करायला गावातल्या आणखी दोन सुना पुढे आल्या. तालमींच्या दिवसांत ह्यांच्या टेम्पोच्या फेऱ्या वाढल्या होत्या, म्हणून ह्यांनी काम घेतलं नाही. पण रिकामे बसतील ते हे कसले? डाव्या विंगेतल्या माझ्या लोखंडी खुर्चीवर बाड आणि मोबाईलची बॅटरी घेऊन जाऊन बसले.

मला एका जागी वाक्याआधी थोडं थांबायचं होतं. थांबायचंच होतं, तशी ती जागा होती. मी थांबले मात्र, विंगेतून टेम्पोच्या आवाजात सबंध वाक्य आलं, दोन शब्द नव्हे, पूर्णविरामासकट. शेवटच्या रांगेने ते ऐकलं. नदीपलीकडच्या डोंगरानेही ऐकलं असणार.

मी भर प्रवेशात विंगेकडे वळले आणि म्हणाले, "अहो, हळू. मला येतंय."

त्या नाटकातली सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली.